भिंत वाजवणाऱ्या बोटास अनावृत पत्र

प्रति,
ठेकेदाराच्या उजव्या हाताचे वाकवलेले बोट,
मुक्काम : पाडायला काढलेली कोणतीही भिंत.

स. न. वि. वि.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीवर आपण तीनदा टकटक करता. आपले मालक डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, "काही नाही साहेब, पार्टिशनच आहे." झालं! वरच्या स्लॅबपासून पायापर्यंतचा हिशेब तीन ठोक्यांत पुरा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला यासाठी नकाशे लागतात, आकडेमोड लागते आणि वर फी लागते. आपलं कटिंग चहावर भागतं.

पोकळ आणि भरीव यांतला फरक आपल्याला कळतो, हे मान्य. जिप्समची भिंत डब्यासारखी वाजते, विटांची मुकी राहते. पण भरीव भिंत भार घेतेच असं नाही. आरसीसी चौकटीच्या इमारतीत स्लॅबचं ओझं बीमवर, बीमचं कॉलमवर आणि तिथून पायात उतरतं; मधली नऊ इंची वीटभिंतसुद्धा नुसती भरणीची असू शकते. उलट मुंबई-पुण्याच्या कितीतरी नव्या टॉवरांत मिवानच्या ॲल्युमिनियम साच्यांत भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटचे ओततात. तिथली जेमतेम सहा इंची भिंत वरचे वीस मजले डोक्यावर घेऊन उभी असते. जाड ती भाराची आणि बारीक ती बिनकामाची, हा आपला घरगुती सिद्धान्त असा दोन्हीकडून ढासळतो.

जुन्या घरांत पंचाईत आणखी वाढते. पेठेतल्या वाड्यात भार बहुधा लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि मधल्या जागेत विटा भरलेल्या. जुन्या बैठ्या बंगल्यात मात्र पुष्कळदा खांबच नसतात. तुळयांची टोकं थेट भिंतीत रोवलेली. ज्या भिंतीवर ती टेकली, ती भाराची. हे मान वर करून पाहावं लागतं. आपल्याला मान नाही, यात आपला काय दोष?

फ्लॅटमध्येही डोळ्यांना थोडंफार दिसतं. बेडरूमच्या कोपऱ्यात चार इंच पुढे आलेल्या ज्या उंचवट्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही आणि ज्याच्या नावाने घरची मंडळी वर्षानुवर्षं बोटं मोडतात (क्षमस्व), तो बहुतेक कॉलम असतो. छतालगत भिंतीच्या बाहेर डोकावणारी पट्टी म्हणजे बहुधा बीम. पण भिंत आणि बीम एकाच जाडीचे असले की प्लास्टर दोघांनाही एकाच शालीत गुंडाळतं, आणि मग डोळाही आपल्याइतकाच अडाणी ठरतो.

अंदाज चुकला की काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. 27 सप्टेंबर 2013 रोजी डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केट इमारत कोसळली, 61 माणसं गेली. तळमजल्यावरच्या गोदामात विनापरवाना फेरफार केल्याचा ठपका ठेवला गेला. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, 17 जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. अशा वेळी आपल्याला दुसरं काम मिळतं : दुसऱ्याकडे वळण्याचं.

आणि समजा, भिंत खरोखरच भरणीची निघाली. दहा फूट लांब, दहा फूट उंच, साडेचार इंची वीटभिंत साधारण दोन टन भरते. घराचा स्लॅब दर चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून आखतात. तो सगळा राडारोडा हॉलच्या मधोमध एका ढिगात रचून कामगार जेवायला गेले, तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी पंख्याखालून खुर्ची हलवलेली बरी.

तेव्हा विनंती अशी की, वाजवायचंच असेल तर आपण सोसायटीच्या कार्यालयाची बेल वाजवावी. आदर्श उपविधींनुसार सभासदाला फेरफारासाठी समितीची परवानगी घ्यावीच लागते. इमारत पंधरा वर्षांपुढची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. म्हणजे इमारत तपासलेल्या इंजिनिअरचं नाव तिथे मिळायला हवं. आरसीसीचे नकाशे सेक्रेटरींच्या कपाटात, पाण्याच्या बिलांच्या गठ्ठ्याखाली शोधावेत. तोवर हातोडा गोणीतच राहू द्यावा.

कळावे,
वरच्या मजल्यावरील रहिवासी