अळूवडी आणि फुली

बायको माहेरी गेलेली आणि मी मंडईतून हौसेनं अळूची पानं आणून बसलो. शिरा काढल्या, बेसन कालवलं. चिंच किती घालायची एवढंच मोबाइलवर बघायचं होतं. कमी पडली तर घसा खाजतो, म्हणून.

पान उघडलं. पहिल्या परिच्छेदात लेखिकेची आजी, दुसऱ्याआधी गृहकर्ज. खाली सरकलो तर गुडघ्याचं तेल. (माझ्या गुडघ्याची खबर यांना कोणी दिली?) ‘साहित्य’ हा शब्द दिसतोय तोच त्यावर एक एनए प्लॉट येऊन बसला. त्याच्या कोपऱ्यात फुली होती, तिळाएवढी. बेसनाच्या बोटानं ती दाबायला जावं तर प्लॉटच उघडतो. तिसऱ्या खेपेला मी टोकन देण्याच्या बेतात होतो.

तसं जाहिरातींचं हे प्रकरण नेटवर सुरू झालं तेव्हा गरीबच होतं. २७ ऑक्टोबर १९९४ ला ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर बॅनर जाहिराती लागल्या. नुसती एक पट्टी, गप्प पडून राहणारी. पुढे ईथन झुकरमन या गृहस्थांनी स्वतंत्र खिडकीत उडी मारणाऱ्या जाहिरातीचा कोड लिहिला आणि २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. माणूस सज्जन असणार. पण माझं बेसन वाळत होतं.

भाच्याला फोन केला. तो आलाच. “मामा, तू अजून असा उघडाबोडका नेटवर फिरतोस?” म्हणत त्यानं फायरफॉक्स घातला, त्यात यूब्लॉक ओरिजिन हा जाहिरातींचा ब्लॉकर, आणि वर प्रायव्हेट डीएनएस बदलला. म्हणजे काय, तर पानानं जाहिरातवाल्याचा पत्ता विचारला की उत्तर मिळतं, ‘असं इथं कोणी राहत नाही.’ हे तंत्र नवीन आहे असं तो समजतो. आमच्या वाड्यात महिनाअखेरीला वाण्याचा माणूस आला की जिन्याखालची पोरं हेच उत्तर द्यायची, तेही इंटरनेटशिवाय.

पान पुन्हा उघडलं. आता पाटी: ‘ब्लॉकर काढा, आमचं पोट जाहिरातींवर चालतं.’ जरा ओशाळलो. खोटं नव्हतं ते. दिवाळी अंकही जाहिरातींवरच निघतात आणि त्यांचा मला कधी राग आला नाही. सराफाची जाहिरात आपल्या पानावर बसून असते. कथा वाचताना मध्ये कडमडत नाही, आणि मी कुठल्या पानावर किती रेंगाळलो याची टिपणं काढत नाही.

“वाचन-दृश्य लाव,” भाचा म्हणाला. लावलं. सगळा पसारा नाहीसा झाला, पांढऱ्याशुभ्र पानावर फक्त मजकूर. आजी संपूर्ण होती. साहित्याची यादी मात्र जाहिरातींबरोबर वाहून गेली होती.

शेवटी आत्याला फोन लावला.

“चिंच ना? सांगते. आधी हे सांग, चिरंजीवांचं कुठं बघताय की नाही? आमच्या शेजारी एक मुलगी आहे, नाशिकची, सीए…”

इथं फुली नव्हती. तिळाएवढीसुद्धा नव्हती. मध्येच तोडावं तर आत्या आणखी मोठ्यानं पहिल्यापासून सुरू करते. सतरा मिनिटांनी ‘लिंबाएवढी’ हा एक शब्द हाती लागला.

मुलाची पत्रिका संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे.