वीस सात की सत्तावीस?

2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' छापलं आणि मराठी अस्मिता थेट पाढ्यांच्या वहीत शिरली. 'सत्तावीस' म्हटलं की पोराच्या कानावर आधी सात येतो, म्हणून ते 72 लिहून मोकळं होतं. एकोणसाठमध्ये तर पाचाचा पत्ताच नाही, नवाचाही नाही! आधी दशक-एकक कळू द्या, एवढंच तज्ज्ञांचं म्हणणं. पण ते समजायला पुस्तक उघडावं लागलं असतं. विधानसभेत कोटी करणं सोपं. आमच्या शेजारचे काका तर पेटलेच. "त्र्याण्णव हा आपला ठेवा आहे!" असं गरजले आणि दूधवाल्याला मोबाइल नंबर सांगू लागले: नाइन, एट, टू... नातू इंग्रजी माध्यमात आहे. तिथे 'ट्वेंटी सेव्हन' शिकवतात. म्हणजे वीस सातच.