स्पिटफायर : नवशिक्यांसाठी सोपी कृती

पहिलं मॉडेल म्हणून स्पिटफायरच घ्यावं. सगळे तेच सांगतात. फक्त ‘कुठलं स्पिटफायर?’ एवढं आधी ठरवावं. 5 मार्च 1936 रोजी पहिल्यांदा उडालेलं हे विमान पुढची दहा-बारा वर्षं बदलतच राहिलं. सुरुवातीच्या मार्क 1 ला दोन पात्यांचा लाकडी पंखा, मग तीन पात्यांचा आला. मार्क 14 ला पाच पाती, शिवाय तिथे मर्लिनऐवजी ग्रिफन इंजिन, त्यामुळे पंखा उलट्या दिशेने फिरतो. या पात्यांवरून वडीलधाऱ्यांना भांडताना एकदा ऐकलं, की नवशिक्या आपोआप तीन किट विकत घेतो.

1:72 प्रमाणातलं मॉडेल घेतलं तर पंखांचा पसारा जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर, 1:32 घेतलं तर पस्तीस. घरच्यांची बाजू घेणारे लहान मॉडेल सुचवतात. त्यांनी कॉकपिट केलेलं नसतं.

कॉकपिट हेच या छंदाचं खरं मर्म. सीटचे पितळी पट्टे वेगळ्या पाकिटात, वेगळ्या पैशांत मिळतात. पट्टा चिमट्यात धरावा, श्वास रोखावा, आणि चिमटा किंचित जास्त दाबावा. ‘टिक’ असा आवाज येईल. आता फरशीवर पालथं पडून, मोबाइलची बॅटरी आडवी धरून शोधावं. मागच्या खेपेचं चाक सापडेल. पट्टा बसला की मीटरच्या प्रत्येक तबकडीवर टाचणीच्या टोकाने चकचकीत वॉर्निशचा थेंब ठेवावा, म्हणजे काच बसवल्यासारखी दिसते. दरवाजाच्या आतली पहार लाल रंगवावी. हे सगळं झाल्यावर धडाचे दोन्ही भाग चिकटवावेत. आता आतलं काहीही दिसणार नाही.

कॅनोपीला झटपट चिकटणारा गोंद लावू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते. सांध्यांत लांबी भरावी, पॉलिशपेपरने घासावी, शिवणीबरोबर रिव्हेटही गेले की थांबावं.

पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांत काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, भरायचा असतो. 1:72 वर 0.2 मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर 14 मिलिमीटरची फट. अशा विमानात कुणी वैमानिक बसला नसता. तरीही भरावा. नाही भरला तर बघणारे विचारतात, ‘अजून पूर्ण व्हायचंय का?’

बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या चिकटवलेल्या असत, आतली यंत्रणा गारठू नये म्हणून. पहिली गोळी सुटली की त्या फाटत. नवशिक्याने पट्ट्या शाबूत ठेवाव्यात आणि पंखाखाली बंदुकीच्या धुराचे काळे ओघळही काढावेत. दोन्ही छान दिसतात. एकत्र मात्र शक्य नाहीत, पण हे सगळं वाळल्यावरच कळतं.

डिकॅल, म्हणजे विमानावरच्या खुणांची चित्रं, चिकटवण्याआधी चकचकीत कोट द्यावा, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी चट्टे उठतात. या कामात माझ्या मते खरोखर उपयोगी सूचना एवढीच.

मग मॉडेल जाणकाराला दाखवावं. तो उघड्या कॅनोपीतून डोकावेल आणि म्हणेल, ‘1940 चं आहे ना? तेव्हा दरवाजात पहार नव्हती.’ यावर काही बोलू नये. बोलण्याआधीच तो मॉडेल अँटेनाच्या काठीला धरून उचलणार असतो.