गल्लीतल्या सुशीवाल्याकडे कसे जेवावे

टोकियोत सुशी खायची तर आधी कुठे खायची नाही ते ठरवावे. गिन्झातल्या ‘सुकियाबाशी जिरो’त २०१४ साली पंतप्रधान आबे बराक ओबामांना घेऊन गेले होते. सर्वसामान्यांना तिथे आरक्षण मिळत नाही म्हणून २०१९ साली मिशेलिनवाल्यांनीही ते आपल्या पुस्तकातून वगळले. तुम्हाला जेवायला नेण्याइतका एखादा पंतप्रधान मोकळा नसेल तर तो नाद सोडावा. फिरत्या पट्ट्यावरची सुशीही नको. १९५८ साली ओसाकाजवळ सुरू झालेला हा प्रकार पोराबाळांसाठी झकास आहे. पण तिथे आपल्याकडे रोखून बघणारे कोणी नसते, आणि शिष्टाचाराचा घाम फुटल्याशिवाय परदेशात जेवल्यासारखे वाटत नाही.

आपले दुकान स्टेशनामागच्या गल्लीत, लाँड्रीच्या शेजारी. दारावर ‘नोरेन’ नावाचा आखूड कापडी पडदा. तो बाहेर लटकत असेल तर दुकान चालू, आत घेतला असेल तर बंद. दुपारची जेवणे आटोपली की संध्याकाळपर्यंत तो बहुधा आतच असतो. पुणेकरांना याचे कारण विचारावेसे वाटणार नाही.

आत आठ-दहा खुर्च्यांचा काउंटर, कोपऱ्यात टीव्ही, त्यावर बेसबॉल नाहीतर सुमो. पलीकडे उभा असलेला मालक म्हणजे ‘ताइशो’. त्याची बायको चहा आणि गरम ओला रुमाल आणून देईल. त्याने हात पुसावेत, तोंड पुसू नये. शेजारचे आजोबा मानेपर्यंत सगळे पुसून घेतील. पण ते या गल्लीत जन्मले आहेत, तुम्ही काल विमानातून उतरलात.

आता ऑर्डर. व्हिडिओ बघून आलेला मनुष्य इथे ‘ओमाकासे’ म्हणून मोकळा होतो, म्हणजे सगळे ताइशोवर सोपवतो. सोपवताना बिलही सोपवले जाते हे त्याला नंतर कळते. त्यापेक्षा ठरलेली ताटे बरी: ‘नामी’, ‘जो’ आणि ‘तोकुजो’. साधे, वरचे आणि त्याच्याही वरचे. मराठी मध्यमवर्गाने कोणते मागवावे हे आम्ही सांगायला नको. भिंतीवर एखाद्या माशापुढे आकड्याऐवजी ‘जिका’ लिहिलेले असेल तर तो आजच्या बाजारभावाने मिळेल असे समजावे आणि नजर दुसरीकडे वळवावी. घासाघीस करू नये. दादरच्या बाजारात कमावलेले कौशल्य इथे फुकट जाते.

मालवणी वाचकांना विशेष विनंती: काचेतला मासा आधीच कापलेला असतो, कल्ले दाखवा म्हणू नका. ‘साबा’ मागवा. तो बांगड्याचा चुलतभाऊ, पण मीठ लावून मग व्हिनेगरमध्ये ठेवलेला. तिरफळे कुठे आहेत, असा प्रश्न मनात येईल. तो मनातच राहू द्यावा.

ताइशो बोटे पाण्यात बुडवतो, भाताचा अंगठ्याएवढा गोळा उचलतो, दोन-तीनदा असा दाबतो की भात एकत्र तर राहावा पण तोंडात लगेच सुटावा. वासाबी तो आतच लावून देतो. म्हणून सोया सॉसच्या वाटीत वासाबी कालवून आमटी करू नये. हाताने खाल्लेले चालते. निगिरी मुळात एकोणिसाव्या शतकातल्या एदोतला गाडीवरचा खाऊ. घास किंचित उलटा करून माशाची बाजू सॉसला टेकवावी. भाताची बाजू बुडवलीत तर भात वाटीत विरघळतो, आणि ताइशो काहीच म्हणत नाही. ते काहीच न म्हणणे फार लागते. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन माशांच्या मधे खायच्या, लोणच्यासारख्या प्रत्येक घासावर ठेवायच्या नाहीत. आणि फोटोसाठी घास थांबवू नये. भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो, कॅमेऱ्याचा अँगल सापडेपर्यंत तो गार होतो.

सोबत शाकाहारी आत्या असेल तर काम वाढते. ऑम्लेटमध्ये अंडे असते एवढाच आक्षेप असेल तर थांबा: त्यात बहुधा ‘दाशी’, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पाणीही असते. दुधीच्या जातीतल्या ‘कांप्यो’ची गुंडाळी दिसायला अगदी निष्पाप, पण तीही साधारणपणे त्याच पाण्यात शिजते. उरली काकडीची ‘कप्पा माकी’. काकडीवर जीव असणाऱ्या कप्पा नावाच्या जलराक्षसावरून तिला हे नाव पडले. आत्यांना राक्षसाचे सांगू नये. त्यांनी तिसऱ्यांदा काकडीच मागवली की ताइशो प्रथमच हसतो, आणि मग तिथे तुमच्यापेक्षा आत्यांना जास्त मान मिळतो.

जेवण झाले की उठावे. बाहेर कोणीतरी उभे असते. जाताना ‘गोचिसोसामा’ म्हणावे. टिप मात्र ठेवू नये. ठेवलीत तर पैसे विसरले समजून ताइशोची बायको सिग्नलपर्यंत धावत येईल, ते दोन्ही हातांनी परत करेल, वाकून नमस्कार करेल. मग तुम्ही वाकाल, मग ती पुन्हा वाकेल, आणि आत्या विचारतील की एवढे काय चोरलेस.