दुखणं टक्क्यांत सांगा

बुरोंडीत जाळी ओढून खांदा गेला किंवा मासळीच्या पाट्या वाहून मणका, तर सरकार पाठीशी आहेच. फक्त त्या पाठीने आधी टक्के सांगायचे. २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. नुसतं ‘रात्रंदिवस ठणकतंय’ हा त्यातला नव्हे. ४० टक्के भरले की मग सवलतींचं बोलायचं. हात किती वर जातो ते मोजता येतं हो. तो वर नेताना तोंडून जे निघतं ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

बरं, विमा नाही म्हणून रडायचीही सोय उरलेली नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत! अट किरकोळ: उपचार यादीतला हवा आणि बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल व्हायला हवं. वर्षानुवर्षांच्या गोळ्या, मलम, दापोलीची एसटी आणि बुडालेला रोज, हे सगळं कनवटीचं. तेव्हा शहाण्याने रोज थोडंथोडं दुखवून घेऊ नये. एकदाच काय ते दणकून.

गावात परशुरामाचा भव्य पुतळा आहे. त्याच्या बाणाने समुद्र हटला म्हणतात. समुद्राकडे कुणी टक्क्यांचा दाखला मागितला नव्हता.