घोडीची चूक न्हाई

कोल्हापुरात ज्याच्या-त्याच्या पणज्यानं शाहू महाराजांच्या पागेत नोकरी केलेली असते. या सगळ्या पणज्यांची हजेरी घेतली तर एकेका घोड्यामागं बारा-बारा मोतद्दार निघतील. आमच्या मामांचा पणजाही त्यातलाच. तो पागेत नेमकं काय करायचा हे मामांना ठाऊक नाही, पण घोडं आपल्या रक्तात आहे याबद्दल त्यांना शंका नाही.

महाराज १९२२ साली गेले. मामांचा जन्म त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तरी महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, मामा असा सांगतात, की आपण आपसूक रस्त्याच्या कडेला सरकतो. खडखडा गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलापुढं थांबायचा आणि महाराज तिथला चहा प्यायचे. गंगाराम आधी पागेतच नोकरीला. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, मग महाराजांच्याच आधारानं त्यांनी हॉटेल काढलं. एवढी एक गोष्ट सांगताना मामा कधी थट्टा करत नाहीत. एरवी करतात.

कुणाला तालमीचा नाद, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा. तसा प्रत्येक पेठेत एखादा घोड्याचा नाद असलेला मामा असतोच. धंदा काय विचारलं, की आमचे मामा म्हणतात, "घोडी हाय." मग जरा थांबून, "आणि दीड एकर ऊस."

घोडीचं नाव हौसा. अकलूजच्या घोडेबाजारातून आणली. तिथं मामांनी दोन दिवस भोवरे मोजले, गळ्यावरचा देवमण बोट लावून पाहिला आणि सौदा केला. मामींना किंमत निम्मीच सांगितली. मामींनी विश्वास बसल्यासारखं दाखवलं आणि पुढच्याच आठवड्यात तेवढ्याच रकमेचं गंठण आणलं.

पहाटे पाचला खरारा सुरू होतो. "हौसाबाई, पाय उचला. जरा मान इकडं करा." हे अंगणातलं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू जातं. मामी म्हणतात, "तीस वर्षं झाली लग्नाला. मला एकदा तरी 'उचला' म्हणालेत का, विचार." मामा विषय बदलतात. विषय बदलायची त्यांची एकच रीत आहे. कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याकडं वळायचं. रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला तो पुढचे पाय उधळलेला घोडा मामा परीक्षकाच्या नजरेनं पाहतात. "मांड बघ, मांड! घोडं असं उभं राहिलंय, पण बाई हललीय का?" तिथून जाताना गाडी मी चालवत असलो, तरी ब्रेक त्यांच्याच पायात असतो.

जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यती मामांनी पोरवयापासून पाहिल्या. पण २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये फवाद मिर्झानं इव्हेंटिंगमध्ये रौप्यपदक जिंकलं आणि मामांचं चित्त जत्रेवरून उडालं. "रघुबीर सिंगनं दिल्लीत सुवर्ण घेतलं तवा मी शाळंत हुतो," ते म्हणाले. ते १९८२. मधली छत्तीस वर्षं जणू देशानं मामांची वाट पाहण्यात घालवली होती.

इव्हेंटिंग म्हणजे मुळात लष्करी घोड्यांची परीक्षा. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून तो तिथं आहे. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकटीत शिस्तीची चाल. मग रानातली दौड. शेवटी मैदानातल्या दांड्यांवरून उड्या. हे सगळं मामांनी मामींना एका दमात समजावलं, "पैल्यांदा चारचौघांसमोर शिस्तीत चालायचं, मग रानोमाळ पळायचं, आणि पार दमल्यावर काय न पाडता उंबरा ओलांडायचा. लगीनच की गं हे."

गुणांची पद्धत तर त्यांना फारच पटली. यात दंडाचे गुण मोजतात. ज्याचे कमी, तो पहिला. "कमी मार्क पडले म्हणून आमच्या आबांनी मला वेताच्या छडीनं फोडलाय," मामा म्हणाले. "चुकीच्या खेळात घातलं हुतं मला."

शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लबनं हौशी लोकांसाठी एका दिवसात तिन्ही उरकायची स्पर्धा ठेवली, तेव्हा मामांनी पहिला अर्ज भरला. अडचण एकच होती. ड्रेसाजच्या मैदानाभोवती ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरं असतात, आणि त्या क्रमाला काही अर्थ नाही. मामांनी तो लावला. अंबाबाई, कळंबा, इचलकरंजी, हुपरी, चंदगड, मंगळवार पेठ, बिंदू चौक, फुलेवाडी. आठवडाभर अंगणात हीच एसटी फिरत होती. मैदानाच्या मधोमध एक्स. तिथं थांबून परीक्षकांना सलाम करायचा.

स्पर्धेत बाहेरून चाली वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. मी "ए" म्हटलं की मामा मोठ्यानं "अंबाबाई!" म्हणत. एक्सवर त्यांनी नुसती मान लववायची, तर तीनदा मुजरा घातला. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर टेप लावून गेला. हौसा एकदाच, मामांच्या पुतणीच्या लग्नात, वरातीला गेली होती. ती ते विसरली नव्हती. तिनं उभ्या जागी ठेका धरला.

"घोडीची चूक न्हाई," मामा बाहेर येत म्हणाले. "गाणंच तसलं हुतं."

रानातल्या दौडीत पहिले तीन अडथळे हौसानं असे ओलांडले, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांची टोपी उडाली, ते हलले नाहीत. चौथा अडथळा डांबराच्या पिंपांचा. आयोजकांपैकी कुणीतरी हौसेनं तो उसाच्या हिरव्यागार वाड्यानं सजवला होता. ऊसतोडीच्या दिवसात ताजं वाडं म्हणजे हौसाला पंगतच. ती भरधाव आली, थांबली आणि खाऊ लागली.

पंचानं नकार नोंदवला. वीस गुण दंड.

"नकार कुठाय?" मामा वरूनच म्हणाले. "जेवतीय ती."

त्यांनी टाच मारली नाही, चाबूक तर त्यांच्याकडं नसतोच. लगाम सैल सोडून तिचा घास संपेपर्यंत बसून राहिले. मग तिला वळवून पुन्हा आणली. ती पुन्हा थांबली. आता आणखी चाळीस. तिसऱ्यांदा बाद. घोडं पेंड खातंय असं आपण इतक्यांदा म्हणतो. समोर खाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परतताना टेम्पोत मामा गप्प होते. कावळा नाक्यावरसुद्धा त्यांनी मान वळवली नाही. शेवटी म्हणाले, "भाच्या, चूक माझीच. पहाटं तिला चंदी कमी घातली. हलकी पळंल म्हणून." पुढचा अर्धा रस्ता हेच चाललं होतं.

दारात मामी उभ्या होत्या. फोनवरून त्यांना सगळं आधीच कळलं होतं. मामांनी तोंड उघडायच्या आत त्या टेम्पोच्या मागं गेल्या. फळी पाडून हौसा उतरली, तशी त्यांनी पदराआडची पाटी पुढं केली. भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा.

"जेवून निघायचं हुतं की गं बाई," मामी तिच्या नाकाडावरून हात फिरवत म्हणाल्या, "लोकांच्यात जाऊन असं खाईत न्हाईत."