बंपर दाखवण्याचा कार्यक्रम

गाडी मागे घेताना सोसायटीच्या पार्किंगमधला खांब लागला, तर आधी खांबाकडे रागाने पाहून घ्यावे. या प्रकरणातले कागदपत्रांशिवाय होणारे तेवढेच एक काम. मग डॅशबोर्डच्या कप्प्यातून पॉलिसी काढावी आणि आयुष्यात प्रथमच वाचावी.

क्लेमच्या फॉर्मवर 'अपघात कसा घडला' असा रकाना असतो. तिथे आपल्यातला कथालेखक जागा होतो. कुत्रे आडवे आल्याचे मुळीच लिहू नये. कुत्रे डावीकडून आले तर मागचा उजवा कोपरा कसा चेपला, हे सर्व्हेअर विचारतो, आणि तोवर आपण कुत्र्याची दिशा विसरलेले असतो. 'रिव्हर्स घेताना खांबाला लागली' एवढे पुरे. त्यात नामुष्की आहे, पण उलटतपासणी नाही.

सर्व्हेअर बघायला येतो तो कार्यक्रम आपल्या घरांना नवा नाही. फक्त इथे नटवून बसवायचे नसते. गाडी धुऊ नये, आणि तो पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला पान्याला हात लावू देऊ नये. नंबरप्लेट दिसेल असे फोटो आधीच काढून ठेवावेत. पोहे केले नाहीत तरी चालते.

याच सुमारास गॅरेजवाला जवळ येऊन हळू आवाजात म्हणेल, "काका, एवीतेवी क्लेम टाकतोच आहोत, तर दाराची ती जुनी रेघपण घालून टाकू." मोह आवरावा. त्या रेघेवर गंज चढलेला असतो, आणि गंजाचे वय ओळखणे यावरच सर्व्हेअरचे पोट आहे. एका रेघेपायी खरा बंपरही संशयात जातो.

आता घसारा. पॉलिसीच्या लेखी काच अजरामर आहे, तिच्यावर घसारा नाही. लोखंड माणसासारखे सावकाश म्हातारे होते: पहिले सहा महिने काही कापत नाहीत, दहा वर्षे उलटली की निम्मे. प्लॅस्टिक आणि रबर मात्र शोरूमच्या दारातच निवृत्त होतात, पहिल्या दिवसापासून निम्मे. आणि बंपर, हे तुम्ही ओळखलेच असेल, प्लॅस्टिकचा असतो.

माझेच बिल घ्या. बंपर ६,००० रुपये, त्यातले ३,००० घसाऱ्यात. पेंटिंग ४,०००, त्यातला पाव हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणजे ५०० गेले. मजुरी १,५००, ती पूर्ण मिळाली. क्लिपा, स्क्रू आणि किरकोळ ३००, ते माझे. ११,८०० च्या बिलावर हाती ८,०००. त्यातून छोट्या गाडीचे सक्तीचे १,००० वजा. कंपनीने ७,००० दिले. मी पेढे आणणार होतो.

घरात हिशेब ठेवणारे माणूस वेगळे आहे म्हणून वाचलो. सलग चार वर्षे क्लेम नव्हता, ४५ टक्के नो क्लेम बोनस चालू होता, यंदा तो ५० होणार होता. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता साधारण १२,०००. म्हणजे ६,००० ची सूट एका बंपरपायी शून्यावर आली. पुढल्या वर्षापासून पुन्हा २० टक्क्यांवरून चढण. 'झीरो डेप' घेतले असते तर घसारा वाचला असता. बोनस आणि ते १,००० तरीही गेलेच असते. सबब, क्लेम करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. जमल्यास हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

एक सूचना गंभीरपणे: साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्ट करून पाहू नये. इंजिनात पाणी ओढले गेले की नुकसान पावसाने नव्हे, तुमच्या किल्लीने केले असे कंपनी म्हणते, आणि इंजिनाचे वेगळे संरक्षण नसेल तर पैसे बहुधा मिळत नाहीत. टोइंगवाल्याला बोलवा.

एवढे करूनही न्याय्य क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्याचे कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. फी नाही. वकील चालत नाही, स्वतःच बोलावे लागते.